रेवणप्पा हत्तरगे आणि चाळीस फुटी ग्रामपंचायत

रेवणप्पा हत्तरगे आयुष्यात एकदाच पेपरात आला. बातमीत त्याचं नाव 'रेवणनाथ' छापलं होतं आणि हुद्दा 'ग्रामपंचायत कर्मचारी'. दोन्ही चूक. तो सास्तूरचा, कंटेनरच्या ट्रेलरवरचा ड्रायव्हर. आमच्या आडमाळ्यात त्याने पावणेचार महिने काढले ते स्वतःच्या मर्जीने नाही, आणि एवढ्या दिवसांत त्याने गाडी चालवली ती मोजून दोन दिवस. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे. ट्रेलर शाळेच्या भिंतीला लागूनच उभा असायचा, त्यामुळे जे झालं ते बहुतेक सगळं मी चौथीच्या वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, भागाकार शिकवता शिकवता.

रेवणप्पाचं वय चाळीस-बेचाळीस. अंगाने रुंद, बोलायला कमी, आणि बोललाच तर मधूनच 'री' लावणारा, कारण घरात कानडी. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. घरातली दोन माणसं गेली. उरलेली पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, आणि त्या शेडसमोरून मदतीचे ट्रक जात राहिले, पंजाबचे, गुजरातचे, कुठले कुठले. एका पगडीवाल्या ड्रायव्हरने त्याला केबिनमध्ये उचलून घेतलं आणि हातात केळं दिलं. "तवाच ठरवलं री," त्याने मला सांगितलं होतं. "मास्तर न्हाय व्हायचं, तलाठी न्हाय व्हायचं. डायवर व्हायचं." समोर मास्तर बसलेला आहे, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्याचं काम 'लोकल'चं. बंदरावरून रिकामे कंटेनर रेल्वेने सोलापूरकडच्या यार्डात येतात. ड्रायव्हर लोक त्यांना डबा म्हणतात. तो डबा ट्रेलरवर घ्यायचा, आमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या डाळमिलला किंवा सोयाबीनच्या प्लँटला न्यायचा, भरून होईपर्यंत गेटबाहेर बसायचं, आणि भरलेला डबा यार्डात परत द्यायचा. पुढे तो रेल्वेने बंदराला जातो आणि तिथून जहाजात. रेवणप्पाने समुद्र पाहिलेला नाही. पूर्वी तो दिल्लीच्या लाईनवर होता. महिना महिना घर दिसायचं नाही म्हणून त्याने लाईन सोडली आणि शुभगती लॉजिस्टिक्स नावाच्या कंपनीत लोकलला लागला. बायको उमादेवी म्हणे, निदान आता भांडायला तरी माणूस समोर असतो.

जानेवारीतल्या एका सकाळी तो असाच चाळीस फुटी रिकामा डबा घेऊन प्लँटला निघाला होता. आडमाळ्याच्या फाट्यावर आला आणि कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून मॅडमचा फोन आला. ऑर्डर रद्द झाली होती. "गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि पुढच्या सूचनेची वाट बघा," मॅडम म्हणाल्या. फाट्यावर ट्रेलर उभा करण्यासारखी जागा नव्हती. गावात शाळेजवळ मोकळं मैदान दिसलं. रेवणप्पाने गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि वाट बघू लागला.

आडमाळा लोहाऱ्यापासून फार लांब नाही, पण फारसं कुणाला माहीत नाही. जिल्ह्याच्या बैठकीला आमचा सरपंच गेला की लोक त्याला येरमाळ्याचा समजतात. येडेश्वरीच्या गावचा म्हणून पुढच्या रांगेत बसवतात, आणि चूक कळली की चहा मागच्या रांगेत येतो. हा सरपंच म्हणजे रणधीर. वय एकोणतीस. वेशीवरच्या बॅनरवर त्याचे तीन फोटो आहेत: एकात हात जोडलेले, एकात मोबाईल कानाला, आणि एकात तो क्षितिजाकडे बघतो आहे, जिथे प्रत्यक्षात गावची हागणदारी होती.

रणधीरची त्या आठवड्यात मोठी अडचण झाली होती. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीची जुनी इमारत पाडली. पाडायची मंजुरी आली होती, बांधायची यायची होती. मधल्या काळात ग्रामपंचायत ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या मोटारसायकलच्या डिकीत होती. शिक्का डिकीत, पावतीपुस्तक डिकीत, आणि भाऊसाहेब ज्या गावात असतील त्या गावात आमची ग्रामपंचायत. अशात दोन दिवसांनी वरच्या साहेबांची तपासणी असल्याचा निरोप आला. 'कार्यालयास भेट' असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

रणधीर मैदानावर डोकं धरून उभा होता. समोर चाळीस फुटी निळा डबा होता.

"अप्पा," तो रेवणप्पाला म्हणाला, "ह्याच्या आत काय हाय?"

"काय न्हाय री. रिकामा हाय."

"दोन दिवस द्या की."

"माझा न्हाय तो. कंपनीचा बी न्हाय. जहाजवाल्याचा हाय."

"जहाजवाला आडमाळ्याला येणार हाय का?"

रेवणप्पाने खिशातून मोबाईल काढला. त्याने पुण्याला फोन लावला. मॅडम मीटिंगमध्ये होत्या. संध्याकाळी लावला, तेव्हा मॅडम दुसऱ्या मीटिंगमध्ये होत्या. तोपर्यंत रणधीरने पेंटर आणला होता.

दोन दिवसांत डब्याच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत 'ग्रामपंचायत कार्यालय, आडमाळा' उमटलं. आत टेबल, तीन खुर्च्या आणि एक कपाट चढवलं. शाळेतून वायर ओढून बल्ब आणि पंखा दिला. राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी लावायला लोखंडात खिळा ठोकता येईना, तेव्हा माल बांधायच्या कड्यांना तारेने अडकवल्या. डब्याचा तळ जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणून शाळेची दोन बाकं एकावर एक ठेवून जिना केला. चौथीची मुलं खाली बसू लागली.

साहेब आले. बाकांवरून चढताना त्यांना दोघांनी खालून आणि एकाने वरून धरलं. आत आल्यावर त्यांनी चौफेर पाहिलं. रणधीर पुढे झाला. "सर, हे फिरतं कार्यालय आहे. शासन आपल्या दारी म्हणतात, तसं आमचं कार्यालयच दारी जातं."

साहेबांनी तारेने टांगलेल्या तसबिरी एकेक करून पाहिल्या. मग म्हणाले, "हा नवोपक्रम आहे."

नवोपक्रम हा शब्द आमच्या खात्यात फार जपून वापरावा लागतो. एकदा वापरला की त्याचा अहवाल द्यावा लागतो. चार दिवसांनी पेपरात बातमी आली, फोटोसकट, आणि फोटोत डब्याचं दार धरून उभा असलेला रेवणनाथ, ग्रामपंचायत कर्मचारी. आठवड्यात पत्र आलं: सदर उपक्रम 'जसाच्या तसा' जतन करावा, इतर गावांचे सरपंच पाहणीस येतील.

रेवणप्पा पत्र घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, ह्यात माझ्याबद्दल काय लिव्हलंय का?"

मी दोनदा वाचलं. नव्हतं.

त्याची अडचण अशी होती. डबा ट्रेलरवरून उतरवायचा तर यार्डातलं मोठं क्रेन लागतं. तसं क्रेन आमच्या तालुक्यात नाही. दुसरा उपाय, ट्रेलर स्वतःच्या लोखंडी पायांवर उभा करून पुढचा घोडा, म्हणजे केबिन आणि इंजिनाचा भाग, सोडवून नेणे. पण त्या ट्रेलरचा डावा पाय वर्षभर वाकलेला होता. तक्रार दिलेली होती आणि ती 'प्रक्रियेत' होती. घोडा काढला असता तर ग्रामपंचायत डावीकडे झोपली असती. आणि ड्रायव्हरने गाडी सोडून जायचं नाही, हा कंपनीचा नियम पहिल्या पानावर होता.

कंपनीने त्याला एक ॲप दिलं होतं. गाडी काय करते आहे ते रोज सकाळी त्यात सांगायचं. चारच पर्याय होते: माल भरतोय, माल उतरतोय, प्रवासात, बिघाड. 'ग्रामपंचायत' असा पर्याय नव्हता. रेवणप्पाने मला विचारून 'माल उतरतोय' दाबलं. पावणेचार महिने त्या डब्यातून माल उतरत होता आणि कंपनीत कुणालाही ते जास्त वाटलं नाही.

मॅडमचा फोन शेवटी लागला तो फेब्रुवारीत. त्याने सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, वर विचारते. वरच्यांनी पेपरातली बातमी पाहिली होती. त्यांना ती फार आवडली. कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या अहवालात ग्रामीण विकासाचं पान रिकामं होतं, ते भरलं. "डिस्टर्ब करू नका असं सर म्हणालेत," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही छान काम करताय."

"काय काम करतूय मॅडम म्या?"

मॅडमना दुसरा फोन आला.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी उमादेवी सास्तूरहून जीपने आली. हातात भाकऱ्यांचं गाठोडं. ट्रेलरला एक फेरी मारून तिने सगळी अक्षरं वाचली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुमी डायवर हाव का शिपाई?"

"डायवरच हाय की."

"मग गाडी हालत का न्हाय? अठरा किलोमीटरवर घर हाय. लाईनवर होता तवा दिल्लीहून फोन यायचा, आता आडमाळ्याहून येतो. फरक काय झाला?"

रेवणप्पाने गाठोडं सोडलं आणि खायला बसला. ती गेल्यावर त्याने केबिन पुसली, काच पुसली, सगळे टायर काठीने ठोकून पाहिले. हे तो रोज करायचा. दर सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू करायचा. चौथीची मुलं तेवढ्या वेळात पाढे जोरात म्हणायची.

हळूहळू गावाला कळलं की ग्रामपंचायत चालते ती रेवणप्पावर. कंटेनरचं दार उघडणं सोपं नसतं. उभे चार दांडे असतात, त्यांच्या मुठी एका ठरावीक क्रमाने उचलून ओढाव्या लागतात, आणि अंगात ताकद लागते. भाऊसाहेबांना ते कधीच जमलं नाही. रणधीरने एकदा फोटोपुरतं ओढून पाहिलं आणि त्याचा खांदा आठवडाभर दुखत होता. म्हणजे रेवणप्पाने उघडलं तर कार्यालय उघडं, त्याने लावलं तर बंद. भाऊसाहेब आठवड्यातून दोनदा येत. बाकीच्या दिवशी लोक त्यालाच विचारत. आठ-अ चा उतारा कुठे मिळतो, जन्माच्या नोंदीला काय लागतं, घरकुलाच्या यादीत नाव आहे का. सुरुवातीला तो म्हणायचा, मला काय ठावं, म्या डायवर हाय. मग बसून बसून त्याने कपाटातली रजिस्टरं वाचून काढली. मार्चपर्यंत त्याला भाऊसाहेबांपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हाताऱ्या बायका त्याला 'कंटेनर साहेब' म्हणू लागल्या. तो ओशाळायचा, पण कागद नीट लावून द्यायचा.

शेजारच्या तालुक्यातले सरपंच पाहणीला येऊन गेले. त्यांनी चहा घेतला, बाकांवरून चढून फोटो काढले, आणि असे डबे कुठे मिळतात ते विचारलं. रेवणप्पाने प्रामाणिकपणे सांगितलं, "चीनमधनं येतेत." ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मार्चच्या शेवटी डब्यात बसवेना. लोखंड तापायचं. भाऊसाहेब सकाळी आठला येऊन नऊला निघू लागले. रेवणप्पाने टपावर गोणपाट अंथरून पाणी मारायला सुरुवात केली. पत्र्याखालचा उन्हाळा कसा काढायचा हे त्याला लहानपणापासून येत होतं.

त्याच सुमारास त्याला पत्र आलं की शुभगती लॉजिस्टिक्सने त्याची 'वर्षातील सर्वोत्तम सुरक्षित चालक' म्हणून निवड केली आहे. समारंभ सोलापूरच्या एका हॉटेलात. एका दिवसापुरती गाडी सोडायची मुभा त्याच पत्रात होती. गाडी हलवता येत नव्हती, म्हणून सर्वोत्तम चालक एसटीने गेला. त्याच्या आग्रहावरून मीही गेलो.

स्टेजवर मोठा पडदा होता. त्यावर त्याचे आकडे आले. अपघात शून्य. वेगमर्यादेचं उल्लंघन शून्य. जोराने ब्रेक दाबणे शून्य. डिझेलची बचत, कंपनीच्या इतिहासात नव्हती एवढी. पुण्याहून आलेले साहेब म्हणाले, बाकीच्या ड्रायव्हरांनी ह्यांच्याकडून शिकावं. टाळ्या झाल्या. मग रेवणप्पाच्या हातात माईक दिला.

"साहेब," तो म्हणाला, "माझी गाडी जानेवारीपासनं उभीच हाय."

सभागृह खळखळून हसलं. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा," ते म्हणाले, "किती साधा माणूस आहे." शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि प्रवासाची बॅग मिळाली. परतीच्या एसटीत तो बॅग मांडीवर घेऊन बसला होता. उमरग्याच्या गाडीला गर्दी होती. तिकीट काढून झाल्यावर म्हणाला, "म्या खरं बोललो का न्हाय गुरुजी?"

"बोललास."

"मग हसले का?"

खात्यातल्या माझ्या सव्वीस वर्षांत मलाही ह्याचं उत्तर मिळालेलं नाही.

एप्रिलमध्ये दगडोबाचं प्रकरण झालं. दगडोबा ऐंशीच्या पुढचा, दोन्ही गुडघे गेलेले, काठीवर चालणारा. त्याला म्हातारपणाची पगार मिळते, पगार म्हणजे निराधारांचं मासिक अनुदान. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे कार्यालयात जाऊन दाखवावं लागतं. दगडोबा सकाळी साडेआठला आला. बाकांच्या जिन्यापाशी थांबला. वर बघितलं.

"भाऊसाहेब, म्या आलोय."

भाऊसाहेब वर टेबलाशी बसलेले. "या की वर."

"चढता येत न्हाय."

"मग कसं व्हायचं? माणूस समक्ष कार्यालयात हजर पाहिजे."

"हितं हाय की समक्ष. दिसतूय न्हवं?"

"दिसतोय. पण कार्यालयात दिसत नाही."

"तुमीच या खाली."

"रजिस्टर कार्यालयाबाहेर काढता येत नाही, आजोबा. नियम आहे."

हेच रजिस्टर वर्षभर मोटारसायकलच्या डिकीत तालुका हिंडत होतं. पण भाऊसाहेबांचंही चुकत होतं असं नाही. नवोपक्रमावर सगळ्यांचं लक्ष होतं आणि त्यांची बदली तोंडावर होती. दोघांनी दगडोबाला उचलायचा प्रयत्न केला. पहिल्या बाकावर त्याचा गुडघा वळला आणि तो कळवळून ओरडला. त्याला खाली बसवलं. तो रडला नाही, काठी आडवी टाकून धुळीत बसून राहिला. म्हणाला, "राहू द्या. मेलो म्हणून लिवा."

रेवणप्पा टपावर पाणी मारत होता. तो उतरला. मैदानाच्या पलीकडे मारुतीच्या देवळाचा दगडी ओटा आहे, एका बाजूला चांगला खांद्याएवढा उंच, दुसऱ्या बाजूने उतार. त्याने ओट्यापाशी जाऊन आपल्या खांद्याला हात लावून उंची बघितली. परत येऊन ट्रेलरच्या मागच्या बाजूला तसाच हात लावला, बाकं बाजूला ओढली आणि शाळेची वायर सोडवली.

"भाऊसाहेब, खुर्ची धरून बसा," तो म्हणाला. "गाडी मागं घेतो."

"अहो, पण..."

तोपर्यंत इंजिन सुरू झालं होतं.

चाळीस फुटी ट्रेलर उलटा घेणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घोडा उजवीकडे वळवला की मागची बाजू डावीकडे जाते. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, मध्ये कडुनिंबाची फांदी. दार उघडं, आत भाऊसाहेब कपाटाला मिठी मारून. मी वर्ग सोडून बाहेर आलो, मुलं माझ्या आधी आली होती. रेवणप्पा खिडकीतून अर्धा बाहेर वाकला होता आणि त्याचा चेहरा आम्ही कधी पाहिला नव्हता असा झाला होता. इतके महिने चहा पिणारा, कागद लावून देणारा माणूस हा नव्हेच. एकदा पुढे, दोनदा मागे, मग सावकाश, वीत वीत सरकत ट्रेलर गेला आणि ओट्यापासून चार बोटांवर थांबला. डब्याचा तळ आणि ओट्याचा दगड एका रेषेत.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक बघतच राहिले. दगडोबाला उताराच्या बाजूने ओट्यावर नेलं आणि तो काठी टेकत, सपाट जमिनीवरून चालावं तसा, कार्यालयात गेला. भाऊसाहेबांनी घाम पुसून अंगठा घेतला. दगडोबा अधिकृतपणे जिवंत झाला. त्या सकाळी आणखी अकरा म्हातारी माणसं तशीच आत गेली. त्यातली काही तर नुसती बघायला गेली होती.

तिसऱ्या दिवशी कंपनीची नोटीस आली. 'अनधिकृत हालचाल: ५८ मीटर. दिशा: उलट. ४८ तासांत खुलासा करावा.' रेवणप्पाच्या सांगण्यावरून खुलासा मी लिहिला: 'दगडोबा यांना चढता येत नव्हते, म्हणून गाडी मागे घेतली.' उलट टपाली विचारणा आली: 'दगडोबा ही कोणती कन्साइनमेंट आहे? पावती जोडावी.'

रेवणप्पाने ते दोनदा वाचलं. मग पहिल्यांदाच मी त्याला संतापलेला पाहिला. आवाज चढला नाही, पण कानडी सुरू झालं, आणि ते बराच वेळ चाललं. शेवटी मराठीत म्हणाला, "चार महिने उभा ऱ्हायलो तर शाल दिली. साठ मीटर गाडी चालीवली, जी चालवायचीच पगार देतेत मला, तर नोटीस. गुरुजी, म्या चुकतूय का ह्ये चुकतेत?"

पावती आम्ही जोडली. दगडोबाच्या हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स. त्यावर कंपनीने काही कळवलं नाही. बहुतेक ती फाईलला लागली असावी.

मेच्या पहिल्या आठवड्यात तपासणीवाल्या साहेबांहून मोठे साहेब आले, थेट मुंबईहून. मागे चार गाड्या. त्यांनी कार्यालय पाहिलं, फाईल पाहिली, आणि मग एक अगदी साधी गोष्ट विचारली, जी तोपर्यंत कुणीच विचारली नव्हती.

"फिरतं कार्यालय म्हणता. मग फिरतं कधी?"

रणधीर म्हणाला, "फिरतं की सर. रोज फिरतं."

"फिरवून दाखवा."

सगळे रेवणप्पाकडे वळले. तो म्हणाला, "चालीवतो की. पण दार लावावं लागंल. उघड्या दारानं डबा रस्त्यावर नेता येत न्हाय." दार लावायचं म्हणजे आतला माणूस आत कोंडणार. डब्याला खिडकी नाही. भाऊसाहेब कुणी सांगायच्या आत बाहेर आले होते. शेवटी ठरलं की कार्यालय फिरेल, फक्त त्यात कुणी नसेल. मोठ्या साहेबांना ते पटलं. कार्यालयात कुणी नसणं त्यांना नवीन वाटलं नसावं.

रेवणप्पाने चार दांडे बसवले आणि निघाला. फाट्यापर्यंत साहेबांच्या गाड्या मागे होत्या, गाडीतून व्हिडिओ चालू होता. फाट्यावर ट्रेलर डावीकडे वळला आणि गाड्या उजवीकडे, लोहाऱ्याला, जेवायला. रणधीर त्यांच्याबरोबर. रेवणप्पा मोठ्या रस्त्याला लागला. मागे कुणी नाही हे आरशात दिसलं तेव्हा त्याने एका हॉटेलपाशी गाडी घेतली. चहा हातात आला तोच मोबाईल वाजला. गाडी तीन-चार किलोमीटर हलल्याचं पाहून ॲपला आपोआप जाग आली होती. निरोप असा: 'आपला डबा रिकामा दिसत आहे. उद्या दुपारी बारापर्यंत यार्डात परत द्यावा.'

ह्या एका ओळीसाठी तो पावणेचार महिने फोन करत होता. तोंड सोलापूरकडे होतं. तसाच निघून गेला असता तर त्याला कुणी दोष दिला नसता. पण डब्यात कपाट होतं, कपाटात गावाची रजिस्टरं होती, आणि ती रजिस्टरं आता त्याला तोंडपाठ होती. त्याने चहा संपवला आणि गाडी आडमाळ्याकडे वळवली.

दुपारचे दीड-दोन झाले असतील. गावात चिटपाखरू नव्हतं. मी आणि तो, दोघांनी मिळून टेबल, खुर्च्या, कपाट शाळेच्या ओसरीत आणलं. तसबिरी मी काढल्या. बाकं वर्गात गेली. त्याने डबा कोपऱ्यापासून झाडून काढला, कारण डबा स्वच्छ द्यावा लागतो. शिक्का माझ्या हातात ठेवला.

"भाऊसाहेबांना द्या री. आन् दगडोबाचं घरकुलाचं कागद तिसऱ्या कप्प्यात हायेत, त्ये विसरू नका म्हणावं."

एवढं बोलून तो केबिनमध्ये चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भाऊसाहेब आले. मोकळ्या मैदानाकडे बघून म्हणाले, "गुरुजी, कार्यालय कुठाय?"

"सोलापूरला गेलं," मी म्हणालो.

ते ओसरीत येऊन बसले. तेव्हापासून ग्रामपंचायत तिथेच आहे. दोन पायऱ्या आहेत, वारा येतो, आणि दगडोबा रोज सकाळी काही काम नसताना येऊन बसतो. ओसरी जानेवारीतही रिकामीच होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. नवोपक्रमाचा अहवाल मात्र अजून दर महिन्याला जातो. त्यात फिरतं कार्यालय समाधानकारक फिरत आहे.

यार्डाच्या गेटवर रेवणप्पाला अडवलं होतं. डब्यावर असलं काही लिहिलेलं चालत नाही. त्याने थिनर विकत आणून दिवसभर उन्हात उभं राहून अक्षरं घासली. त्या महिन्यात त्याचा शेरा 'चांगला' वरून 'सुधारणा आवश्यक' झाला, कारण सरासरी वेग मागच्या चार महिन्यांच्या मानाने धोकादायकरीत्या वाढला होता.

जूनमध्ये प्रशिक्षणाच्या निमित्ताने सास्तूरला जाणं झालं, तेव्हा त्याच्या घरी गेलो. उमादेवीने चहा टाकला. रेवणप्पा अंगणात बाजेवर बसला होता आणि त्याच्यासमोर तीन माणसं कागद घेऊन.

"ह्ये बगा," उमादेवी आतून म्हणाली. "कुणीतरी उठवलंय, ह्ये ग्रामपंचायतीत होते म्हणून. रोज कुणी ना कुणी येतंय. घरी येऊन बी ह्येंचं हापिस सुटंना."

तो एका म्हातारीला सांगत होता की नोंदीसाठी दोन साक्षीदार लागतात आणि अर्जावर तिकीट लावायची गरज नाही, कुणी मागितलं तर देऊ नका. ती म्हणाली, "तुमीच करून द्या की, साहेब."

"साहेब न्हाय मावशी," तो म्हणाला, "डायवर हाय," आणि तिच्या हातातून पेन घेऊन अर्जाची रिकामी जागा भरली. मग घड्याळ बघितलं. चार वाजता प्लँटच्या गेटवर गाडी लावायची होती. गोठ्यापलीकडे रस्त्याकडेला ट्रेलर उभा होता, त्याच्यावर तांबड्या रंगाचा दुसरा डबा. त्याने उभ्याउभ्याच चहा घेतला, पाण्याची बाटली भरून घेतली आणि काठी उचलून टायर ठोकत गाडीभोवती फिरू लागला.